उजव्या हाताचा पुदिना

ब्रश दाढेपर्यंत पोचला आणि त्याच्या तोंडात शहाजिऱ्याचा वास सुटला. त्याने ब्रश बाहेर काढला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा तोंडात घातला. शहाजिरंच. मूठभर दाणे खलात कुटून त्यांचा लगदा कुणी ट्यूबमध्ये भरून ठेवावा इतकं धडधडीत. ट्यूब रोजचीच होती, हिरवी, वर पुदिन्याचं पान छापलेली. त्या पानामागचा वास त्याच्याच प्रयोगशाळेतून पिंपांनी बाहेर पडत असे आणि त्याने मान डोलावल्याशिवाय एक पिंप जागचं हलत नसे. त्याने चूळ भरली, थुंकला, आणि मोठ्या हुद्द्याच्या माणसाने एकांतातसुद्धा करू नये ते केलं: बेसिनवर वाकून स्वतःची थुंकी हुंगली. शहाजिरं.

"ही पेस्ट कुणी आणली?" तो ओरडला.

"का, चावली?" बायको आतून म्हणाली.

"वास बदललाय हिचा."

"रोजचीच आहे. तुमच्याच कारखान्याचा पुदिना. तुम्हीच नाही का सांगत आल्यागेल्याला, अख्खं शहर सकाळी माझा वास तोंडात घेऊन बाहेर पडतं म्हणून? मग आज तुम्हीही घ्या."

तो तसाच, ओठाला फेस घेऊन, स्वयंपाकघरात गेला. फळीवरची शहाजिऱ्याची बाटली उघडली आणि नाक आत खुपसलं. थंड, गोडसर, हिरवागार पुदिना. ओळखीच्या घराचं दार वाजवावं आणि आतून परक्या माणसाने आपल्याच आवाजात 'कोण आहे?' विचारावं, तसं झालं. त्याने फळी घट्ट धरली. लवंग हुंगली, लवंग. दालचिनी, दालचिनी. म्हणजे नाक मेलेलं नव्हतं. मेलं असतं तर एक वेळ परवडलं असतं, सर्दी म्हणून रजा टाकता आली असती. हे नाक जिवंत होतं, चांगलं तल्लख होतं, फक्त रात्रीतून कुणीतरी ते हातमोजा उलटा करावा तसं आतून बाहेर काढून ठेवलं होतं. आणि या नाकावर तर त्याचं सगळं होतं. कारखान्यात त्याला समोर नाकसाहेब म्हणत आणि पाठ वळली की नुसतं नाक. पाठीमागचं नाव त्याला जास्त आवडे. नुसतं नाक. बाकीचा देह म्हणजे त्या नाकाला टेबलापर्यंत नेऊन आणण्याची सोय.

पुदिना आणि शहाजिरं मुळात एकच. हे वाक्य तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवी आणि मग त्याचा चेहरा कसा पडतो ते बघत बसे. तेच अणू, तीच जुळणी, वजन तेवढंच, उकळणार एकाच तापमानाला. फक्त एक रेणू डाव्या हाताचा आणि दुसरा उजव्या. "हात पुढे करा," तो म्हणे. "तळव्याला तळवा लावा. जुळले? आता दोन्ही तळवे खाली करून एकावर एक ठेवा. बघा अंगठे कुठे गेले." नवा माणूस आपल्या अंगठ्यांकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखा बघत राही. "आरशातला तुमचा हात हुबेहूब तुमचाच असतो, पण तुमच्या मोज्यात तो जात नाही. तुमच्या नाकात असे मोजे टांगलेले आहेत. डावा रेणू डाव्या मोज्यात शिरला की पुदिना, उजवा उजव्यात शिरला की शहाजिरं. ज्याचे मोजे फाटके निघतील त्याने इथून सरळ पॅकिंगला जायचं." हे तो हसत म्हणे, पण तळमजल्यावर पॅकिंगच्या बाकावर अशी फाटक्या मोज्यांची माणसं खरोखरच बसलेली होती, बाटल्यांना डिंकाने नावं चिकटवत, आणि त्यांतली काही एकेकाळी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होती. जिन्यात भेटली की तो त्यांची आवर्जून चौकशी करी. "काय, बरं चाललंय ना? डिंकाचा तरी वास येतो ना?"

आणि एवढं सगळं पाठ असलेल्या माणसाची एकुलती एक मुलगी डावखुरी निघाली होती. चमचा डाव्या हातात, खडू डाव्या हातात, चापट मारायची तीसुद्धा डाव्या हाताने. त्याने तिच्या डाव्या हातावर लोकरीचा पायमोजा चढवला आणि मनगटाशी दोरी बांधली. जेवताना, लिहिताना, खेळताना, उन्हाळ्यातही. कारण कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. डाव्या रेणूवर त्याचं घर चाललं होतं, पुदिना म्हणजे डावा, आणि घरात मात्र त्याला डावा हात नको होता. मोज्याच्या आत पोरीची बोटं खाजत, ओली होत. संध्याकाळी दोरी सोडली की त्या हाताला आंबूस वास येई आणि तो स्वतः साबणाने तिचा हात धूत असे, फार मायेने, एकेक बोट सुटं करून. मुलगी उजवी झाली. इतकी उजवी झाली की रसायनशास्त्रात पहिली आली, त्याच्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि आता त्याच्या खालोखाल तीच होती. कामावर ती त्याला साहेब म्हणे. घरी येई तेव्हा बाबा म्हणे, पण तेही साहेब म्हटल्यासारखंच.

आणि आज नाकाची परीक्षा होती. दरवर्षी एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांसमोर, मालकांच्या देखत, प्रमुखाने तीन कागदी पट्ट्या हुंगायच्या आणि नावं सांगायची. दोन एक, तिसरी वेगळी. चुकला तर पांढरा कोट तिथल्या तिथे उतरवून खुंटीला लावायचा, खुर्ची खालच्या माणसाला द्यायची आणि पॅकिंगला तरी जायचं नाहीतर घरी. ही पद्धत त्यानेच पाडलेली. त्याच्या आधी प्रमुख होते ते जुने साहेब, एक भला, जाडजूड माणूस. म्हातारपणी नाक गेलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं आणि इतरांना ठाऊक आहे हे मात्र नव्हतं. त्याने मालकांना पटवलं, परीक्षा ठेवली, आणि तिन्ही पट्ट्या नळाच्या पाण्यात बुडवल्या. जुन्या साहेबांनी डोळे मिटून, डावी भुवई उंचावून, घोळवून घोळवून सांगितलं: "पुदिना. पुदिना. आणि हे... शहाजिरं, जरा जुनं." "साहेब," तो म्हणाला होता, "पाणी आहे." आधी जुने साहेबच हसले, इतर हसतात म्हणून. मग कोट काढताना त्यांचा हात बाहीत अडकला आणि ते एका बाहीचा कोट ओढत स्वतःभोवती फिरत राहिले. ते फिरणं त्याला इतक्या वर्षांनीही लख्ख आठवत होतं. वाईट झोप लागलेल्या रात्री तो ते मुद्दाम आठवी, आणि झोप येई.

ओठावरचा फेस वाळला होता. त्याने तो बोटाने काढला आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की यात घाबरण्यासारखं काय आहे? पक्का खोटारडा माणूस खऱ्या माणसाइतकाच उपयोगी असतो, फक्त त्याच्या 'हो'ला 'नाही' म्हणायचं. शहाजिरं आलं की पुदिना सांगायचं, पुदिना आला की शहाजिरं. उलट्याचं उलटं केलं की सुलटं. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्या आनंदात तो वळला आणि दारात बायको उभी होती.

बायकोच्या अंगाला पपनसाचा वास येत होता.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याने तिला समजावून सांगितलं होतं, अगदी शांतपणे, की माणसाच्या घामातही एक डावा-उजवा रेणू असतो. एकाला पपनसाचा वास येतो, दुसऱ्याला कांद्याचा. "तुझ्यात कांद्याचा जास्त आहे. राग मानू नकोस, ही टीका नाही, हे शास्त्र आहे." तिने राग मानला नव्हता. तिने अंथरूण उचलून मधल्या खोलीत नेलं होतं, आणि तो म्हणाला होता की हा समजूतदारपणा झाला. मुलगी झाली ती कशी झाली हे दोघांनीही आठवायचं टाळलं होतं. आणि आता ही बाई, पिकल्या केसांची, पदराला हात पुसत, रसाळ, कडवट-गोड, नुकत्या सोललेल्या फळासारखी त्याच्या समोर उभी होती. एवढी वर्षं पलीकडच्या खोलीत हे होतं? की हे कधीच नव्हतं आणि आजच्या नाकाने ते रचलंय? त्याने हात पुढे केला, तिच्या कोपराला लावला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. तू आज..."

"मी आज काय?"

"बरी दिसतेस."

तिने त्याच्यामागच्या फळीकडे पाहिलं. "शहाजिऱ्याची बाटली उघडी टाकलीत," ती म्हणाली. "आणि लवंगेची. बाजूला व्हा, मला गॅस पेटवायचाय." मग त्याच्या हाताकडे न बघता तिने तो हात कोपरावरून उचलला, फळीवरचं फडकं उचलावं तसा, आणि बाजूला ठेवला. तो कपडे करत असताना आत ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती, मध्येच हसत होती. तिचं हसणं त्याने फार दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि आज ऐकायला वेळ नव्हता.

रस्त्यावर एक फळवाला संत्र्यांचा ढीग रचत होता आणि त्या ढिगातून रंगाऱ्याच्या टर्पेंटाइनचा दर्प येत होता. संत्र्यातही तेच, उजवा रेणू आणि त्याचा डावा भाऊ. त्याच्या शेजारून माणसं जात होती, प्रत्येकाच्या काखेत कुणीतरी अदलाबदल केलेली. एक जाडा दरवान फळांच्या टोपलीसारखा दरवळत होता. एक कोवळी, देखणी मुलगी बसच्या थांब्यावर उभी होती आणि तिच्याकडून चिरून ठेवलेल्या कांद्याचा भपकारा आला. त्याला हसू आलं, मग भीती वाटली. उलट्याचं उलटं केलं की सुलटं, हे ठीक. पण तीन पट्ट्यांपैकी दुसऱ्या पट्टीला नाक परत फिरलं तर? रात्रीतून गेलेलं दुपारी परत आलं तर? नाक कुठल्या बाजूला आहे हे बोलायच्या क्षणी नक्की ठाऊक हवं. आणि ते सांगणारी वस्तू जगात एकच होती. तिला नाक नव्हतं.

पोलारिमीटरची खोली जिन्याखाली, काळ्या पडद्यामागे. सोडियमच्या दिव्याचा तो पिवळा, आजारी उजेड. त्या यंत्राला त्याने वीस वर्षं हात लावला नव्हता. "यंत्र नकट्यांसाठी असतं," तो म्हणे, आणि खरोखर नकटा असलेला एक सहकारी, त्याला सगळे चष्मा म्हणत, तो हे ऐकून दरवेळी हसे, कारण न हसणं परवडणारं नव्हतं. यंत्राचं काम सोपं. उजेडाची एक सपाट पट्टी काचेच्या नळीतल्या तेलातून जाते आणि जाताना वळते. पुदिना तिला डावीकडे वळवतो, शहाजिरं उजवीकडे, दोघेही साठेक अंशांनी. डाव्याला उणे लिहायचं, उजव्याला अधिक.

परीक्षेच्या तीन कुप्या मुलीने कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं, आणि प्रमुखाकडे प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली असते. त्याने मधली कुपी काढली. यंत्राशेजारी नळी ठेवलेली होतीच, लांब, जाड काचेची, त्याच्या तरुणपणी हाताळलेली. हात तिच्याकडे आपसूक गेला, जुनी पेटी वाजवणाऱ्याचा जावा तसा. तेल भरलं, झाकण फिरवलं, बुडबुडा बाजूला काढला. डोळा लावला. तबकडी हळूहळू फिरवली. अर्धं काळं, अर्धं पिवळं. मग दोन्ही सारखं. उणे एकसष्ट.

उणे. डावा. पुदिना. आता त्याने कुपी नाकाशी नेली. उलटं नाक असेल तर शहाजिरं येणार.

पुदिना आला. स्वच्छ, थंड, गोडसर.

तो त्या काळ्या खोलीत एकटाच मोठ्याने हसला. परत आलं! घरून इथपर्यंत येताना, त्या बसच्या थांब्याच्या अलीकडे की पलीकडे कोण जाणे, त्याचं नाक आपणहून सुलटं झालं होतं. यंत्र म्हणतंय पुदिना, नाक म्हणतंय पुदिना. त्याने कुपीला पुन्हा हुंगलं, पुन्हा, एखाद्या हरवून सापडलेल्या पोराची टाळू हुंगावी तसं. बायकोच्या अंगचा पपनसाचा वास आठवला आणि तो जरा हळहळला. संध्याकाळी घरी गेल्यावर तो वास नसणार. पण खुर्ची होती. खुर्चीला कुठलाच वास नव्हता आणि तेच तिचं सुख होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे गोल टेबलाभोवती जमले. मालक, नोंद लिहायला चष्मा, चारपाच रसायनज्ञ, आणि दाराशी, बोलावलं नसताना, पॅकिंगची दोनतीन माणसं. मुलीने तीन पट्ट्या कुप्यांत बुडवून त्याच्यापुढे स्टँडला लावल्या.

"घ्या साहेब."

"घाई काय आहे?" तो खुर्चीत रेलला. "माझ्यानंतर तुम्हालाच बसायचंय इथे, आधी ऊब तर येऊ द्या." हशा झाला. त्याने पहिली पट्टी नाकाखालून नुसती नेली, सलाम घेतल्यासारखी. शहाजिरं. दुसरी. पुदिना. तिसरी. शहाजिरं. किती सोपं होतं. त्याने दाराशी उभ्या असलेल्या पॅकिंगवाल्यांकडे पाहिलं. "पहिली आणि तिसरी शहाजिरं," तो म्हणाला, "आणि मधे पुदिना. उत्तम पुदिना. मालक, हाच माल द्या पुढच्या पेस्टला, लोक दात दोनदा घासतील. तुम्हाला येतोय ना रे वास तिकडे? की डिंक आडवा येतोय?"

या वेळी हशा झाला नाही. चष्म्याची लेखणी थांबली होती. मालकांनी मधली पट्टी उचलली, आपल्या सामान्य, तंबाखूने माखलेल्या नाकाशी नेली आणि मुलीकडे बघितलं.

"शहाजिरं आहे हे," मालक म्हणाले. "मलासुद्धा कळतंय."

"मधलं शहाजिरं," मुलगी म्हणाली. "बाजूचे दोन्ही पुदिना. तिन्ही चुकले, साहेब."

आता गप्प बसला असता तर वाचला असता, असं नव्हे. पण निदान निम्माच बुडाला असता. त्याला मात्र जुने साहेब स्वतःभोवती फिरताना दिसले, आणि आपण तसे नाही, आपल्याकडे पुरावा आहे, या विचाराने तो टेबलावर हात आपटून उभा राहिला.

"अशक्य! यंत्राने उणे एकसष्ट दाखवलंय मधलीला! माझ्या डोळ्यांनी..."

वाक्य संपेपर्यंत त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. परीक्षेच्या आधी, कुलपातल्या कुपीला, यंत्र. पॅकिंगमधली एक बाई, जी कधीकाळी त्याच्या शेजारी बसत असे, ती तोंडावर हात धरून खुदकन हसली.

"कुठल्या नळीत?" मुलीने विचारलं. आवाज अगदी तोंडी परीक्षा घेतल्यासारखा.

"नळी... तिथे होती ती."

"लांब नळी. दुप्पट लांब, साहेब. तेल निम्मं पातळ केलंत?"

नव्हतं केलं. पूर्वी लांब नळी असे तेव्हा तेल निम्मं पातळ करूनच भरत. नंतर आखूड नळी आली आणि तेल तसंच भरू लागले. त्याचा हात नळी विसरला नव्हता, पातळ करणं विसरला होता. आखूड नळीत उजेड साडेएकोणसाठ अंश उजवीकडे वळला असता; दुप्पट नळीत दुप्पट वळला, एकशे एकोणीस. आणि उजेडाच्या पट्टीला डोकंशेपूट नसतं. टेबलावरची फूटपट्टी उजवीकडे एकशे एकोणीस अंश फिरवा नाहीतर डावीकडे एकसष्ट, ती तशीच पडलेली दिसते. उजवा रेणू इतका उजवीकडे गेला की डावा दिसू लागला. म्हणूनच नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात: तेल निम्मं पातळ करून पुन्हा बघ. त्यानेच शिकवलं होतं. उलटं नाक, उलटं यंत्र, आणि दोघं एकमेकांना माना डोलावून म्हणत होते, अगदी बरोबर.

"नियम तुमचाच आहे," मालक म्हणाले. त्याने कोट काढला. हात बाहीत अडकला नाही. तो फार काळजीपूर्वक काढत होता, आणि त्या काळजीलाच सगळे हसले.

जिन्याखाली त्याने तिला गाठलं. काळ्या पडद्यापाशी ती लांब नळी धूत होती.

"आखूड नळी कुठे होती?"

"माझ्या खणात."

"मुद्दाम?"

"हो." तिने नळी उजेडात धरली, आरपार बघितलं. "सकाळी आईचा फोन आला. सांगत होती: पेस्टचा वास बदललाय म्हणाले, शहाजिऱ्याची बाटली उघडी टाकून गेले. आणि मला म्हणाले बरी दिसतेस. आई म्हणाली, डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक. मी म्हटलं, नाही आई, नाक उलटं झालंय."

"मग तुला माहीत होतं! मी आजारी आहे हे माहीत असून तू..."

"तुम्ही पास होणार होतात, बाबा. मलाही वाटलं होतं. नुसतं उलटं सांगायचं होतं, आणि तेवढं तुम्हाला सुचणार हे मला ठाऊक होतं. कपाट उघडलं नसतंत तर आत्ता खुर्चीत असता." तिने नळी खालवर हलवून पाणी झटकलं. त्याच्या शर्टावर थेंब उडाले. "मी फक्त नळी ठेवली. चोरी करा असं कुठे लिहिलं होतं तिच्यावर?"

तो तिच्या जवळ गेला. काय म्हणायचं होतं ते त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. ओरडायचं की पाया पडायचं. दिवसभराच्या कामाने तिला घाम आला होता आणि त्या घामाचा वास त्याच्यापर्यंत आला. लहानपणापासून ती त्याला फळासारखी वाटे, या एका बाबतीत ती आपल्यावर गेली असं तो म्हणे. आता तिथे कांदा होता, तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलंही. ते कशाचं, हे तिने विचारलं नाही.

"पॅकिंगला नको पाठवू," तो म्हणाला. "खाली नको. ती सगळी खाली आहेत."

तिने थोडा विचार केला. ती दुष्ट नव्हती; ती त्याच्या हाताखाली शिकली होती. "ठीक आहे," ती म्हणाली. "पक्कं उलटं असलेलं यंत्र निकामी नसतं."

अशा रीतीने त्याला टेबलाशी जागा मिळाली. प्रमुखाची नाही, टेबलाच्या कडेला, स्टुलावर. सगळ्यांनी हुंगून झालं की शेवटी पट्टी त्याच्याकडे येई. तो सांगे, आणि चष्मा त्याच्या उलट लिहून घेई. काम चोख चाललं. मालक पाहुण्यांना मुद्दाम घेऊन येत. "हे आमचं उलटं नाक. विचारा, काहीही विचारा." पाहुणे विचारत. तो पुदिन्याला शहाजिरं म्हणे आणि पाहुणे लहान मुलांसारखे टाळ्या वाजवत. पुढे पुढे ही सवय पट्ट्यांपुरती राहिली नाही. तो म्हणाला खिडकी लावा, गार लागतंय, की कुणीतरी दुसरीही खिडकी उघडून टाके. तो म्हणाला चहा नको, की त्याच्यापुढे दोन कप. हसण्यासाठीच, मनात वाईट काही नाही. बायकोही एकदा म्हणाली, "जेवलात का? नाही? म्हणजे जेवलात," आणि ताट उचललं. घरी तिच्या खोलीतून पपनसाचा वास येत राहिला. तो दाराबाहेर बसून राही. एकदा त्याने दार वाजवलं. "आत येऊ नका," ती म्हणाली, आणि तो आत जाणार इतक्यात म्हणाली, "मी तुमच्या कारखान्यातली नाही. नको म्हणजे नको."

मग एके दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या माणसाने संत्रं सोललं आणि लिफ्टभर संत्र्याचा वास पसरला. टर्पेंटाइन नाही. संत्रं, गोड, पिवळं, साल चुरगळल्यावर डोळ्यांत उडतं ते. तो त्या माणसाच्या हाताला धरून उभा राहिला. माणूस घाबरला आणि त्याने त्याला दोन फोडी देऊन टाकल्या. त्या मुठीत घेऊन तो धावत वर गेला, टेबलाशी पोचला, धाप लागलेली, मुठीतून रस गळतोय.

"सुलटं झालं," तो म्हणाला. "नाक सुलटं झालं माझं!"

सगळे त्याच्याकडे बघू लागले, मग प्रमुखाच्या खुर्चीकडे. मुलगी उठली. तिने सगळ्यांच्या देखत, नाव लिहिलेल्या बाटलीत, एक पट्टी बुडवली. बाटलीवरचं नाव त्याला दिसू नये म्हणून हात आड धरला. पट्टी त्याच्यापुढे धरली.

"शहाजिरं," तो म्हणाला. ते शहाजिरंच होतं. त्याला कळलं, टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळलं, वास खोलीभर झाला होता. आणि तिला तर बाटली हातात घेतल्यापासूनच माहीत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याला कळलंय हे तिला कळलं आहे, असं त्याला पुरतं कळेपर्यंत पाहिलं. मग पट्टी चष्म्याकडे सरकवली.

"उलटं लिहा," ती म्हणाली.

चष्म्याने पट्टीचा वास घेतला, चष्मा पुसला, आणि लिहिलं: पुदिना.

"पण खरंच सुलटं आहे!" तो म्हणाला. "अगं, तुलाही येतोय वास. खरं सांगतोय मी."

कारखान्यात खाली पिंपं भरत होती, या कागदावर जे लिहिलं जाईल त्याप्रमाणे त्यांच्यावर नावं चिकटणार होती. मुलीने दुसरी पट्टी बुडवली आणि पुढे धरली. ती यायच्या आधीच वास त्याच्यापर्यंत आला. थंड, गोडसर, हिरवा. पुदिना, आयुष्यात घेतलेल्या सगळ्या पुदिन्यांपेक्षा स्पष्ट. खरं सांगितलं तर कागदावर खोटं उतरणार होतं आणि पिंपावर खोटं नाव लागणार होतं. खोटं सांगितलं तरच खरं लिहिलं जाणार होतं. मुठीतला रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"शहाजिरं," तो म्हणाला.

"पुदिना," मुलगी म्हणाली. "लिहा."

"बरोबर आहे," तो पुटपुटला, अगदी हळू, स्वतःशीच.

पण ते चष्म्याला ऐकू गेलं; लेखणी त्याने उचललेलीच होती. त्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग प्रमुखाच्या खुर्चीकडे, आणि अतिशय आदराने विचारलं, "मॅडम, हे पण उलटं लिहू का?"